फॉरमॅट मारण्याआधीचा रविवार

रविवारी सकाळी साडेनऊला आमच्या मजल्यावरचे खजिनदार काका लॅपटॉप काखेत मारून दारात उभे. "अगं, याला जरा फॉरमॅट मारून दे. फार रखडतोय. आणि ते अकरा नंबरचं विंडोज टाक. डेटा सगळा डी मध्ये आहे, त्याची काळजी नको."

वर्तकनगरातल्या आमच्या सोसायटीचा मेन्टेनन्सचा हिशोब, आय आणि जे रजिस्टरच्या, म्हणजे सभासदांच्या नोंदींच्या, एक्सेल फायली, गेल्या सात वर्षांच्या सभांची इतिवृत्तं, नातवाचे फोटो, सगळं त्या एका लॅपटॉपवर. मी चहा टाकला आणि डी ड्राइव्ह उघडला. आत दोन सिनेमे, प्रिंटरचा जुना ड्रायव्हर आणि 'न्यू फोल्डर (३)'. बाकी सगळा संसार डेस्कटॉपवर, म्हणजे सी मध्ये, आणि फॉरमॅट मारला की सी सगळा पुसला जातो. काका चहाचा घोट घेता घेता थांबले.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून नेहमीचे मोफत सुरक्षा-अपडेट देणं बंद केलं, तेव्हापासून अशी मंडळी जास्तच येतात. विंडोज टाकायला पाऊण-एक तास पुरतो. त्याआधीच्या कामाला, म्हणजे सगळ्या फायलींची दुसरी प्रत (बॅकअप) काढायला, मात्र अख्खा रविवार काढा. एकदा संध्याकाळी सातला सुरू करून रात्री जेवणाआधी उरकायचं ठरवलंत, की काहीतरी राहणारच.

माझं स्वतःचं राहिलंय, म्हणून सांगते. नौपाड्यात मी काही वर्षं डीटीपीचं काम करायचे: लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, सोसायट्यांचे अहवाल. २०१३ मध्ये घरच्या मशीनमध्ये व्हायरस शिरला, म्हणून ते एका दुकानात दिलं. मशीन परत आलं तेव्हा फायली सगळ्या जागच्या जागी होत्या. बाबांनी निवृत्तीनंतर टाइप केलेल्या आठवणी, साठ-सत्तर पानं, त्याही. फाइल उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरं, कंस आणि स्वल्पविराम. फाइल शाबूत होती, फॉन्ट गेला होता. बाबा चष्मा पुसून पुन्हा पुन्हा बघत होते, जणू दोष चष्म्याचाच. तो फॉन्ट मला पाच महिन्यांनी एका जुन्या सहकाऱ्याच्या मशीनवर सापडला.

तेव्हापासून बॅकअपला बसताना मी फोल्डर उघडत नाही. आधी माणसाला समोर बसवते आणि विचारते, "या डब्यावर तुम्ही करता काय काय?"

कागद घ्या, कामं लिहा

कंप्युटरवर नको, कागदावरच लिहा. गेल्या महिन्यात इथे बसून काय केलं? मार्चअखेर काय केलं होतं? जुलैत रिटर्न भरताना? गणपतीच्या वर्गणीच्या वेळी? वर्षाचे बारा महिने डोळ्यांसमोरून फिरवले की कामं आपोआप आठवतात. फोल्डर बघून यादी केली तर वर्षातून एकदाच लागणारी फाइल सुटते, आणि नेमकी तीच पुन्हा मिळण्यासारखी नसते.

काकांच्या कागदावर शेवटी चौदा ओळी झाल्या. मेन्टेनन्सची बिलं. टॅली, म्हणजे हिशोबाचं सॉफ्टवेअर. सभेची नोटीस, जुन्या मराठी फॉन्टमधली. नेट बँकिंग. इन्कम टॅक्स. स्कॅन केलेली शेअर सर्टिफिकेटं. ऑडिटरला जाणारे ईमेल. अमेरिकेतल्या मुलाचे लग्नाचे व्हिडिओ. प्रत्येक ओळीपुढे तीन गोष्टी लिहून घेतल्या: फाइल कुठे आहे, कशात उघडते, आणि त्याला पासवर्ड किंवा लायसन्स लागतं का.

'फाइल कुठे आहे' या प्रश्नावर बहुतेक माणसं "एक्सेलमध्ये" असं उत्तर देतात. हसू नका, एक्सेललाच विचारा. एक्सेल किंवा वर्ड उघडून 'ओपन'मधली 'रिसेंट'ची यादी बघा, प्रत्येक नावाखाली बारीक अक्षरात पत्ता असतो. काकांची बिलं डेस्कटॉपवरच्या 'सोसायटी नवीन'मध्ये निघाली, इतिवृत्तं 'डाउनलोड्स'मध्ये आणि एक फाइल चक्क जुन्या पेनड्राइव्हवर, जो काकूंच्या शिवणाच्या डब्यात सापडला.

डेस्कटॉपवरच्या चित्रांबद्दल एक सावधगिरी. चित्राच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात छोटा वळलेला बाण दिसला तर तो शॉर्टकट आहे, दाराची नुसती पाटी. पाटी कॉपी करून घर येत नाही. एका ओळखीच्या बाईंनी हौसेने स्वतः घेतलेल्या बॅकअपमध्ये अशा एकतीस पाट्या होत्या आणि एकही घर नव्हतं.

यादी झाली की सेटिंग्जमधल्या 'अ‍ॅप्स'मध्ये जाऊन बसवलेल्या सॉफ्टवेअरची यादी वरपासून खालपर्यंत मोबाइलवर फोटो काढून ठेवा. दोन मिनिटांचं काम आहे. नंतर "ते स्कॅनरचं सॉफ्टवेअर कुठलं होतं गं?" असा फोन येत नाही.

ढगातलं काय खरं

काकांचा पुढचा मुद्दा होता, "पण ते वनड्राइव्हवर आपोआप जातं ना?" त्यांच्या स्क्रीनच्या तळाशी उजव्या कोपऱ्यात छोटा ढग होता आणि त्यावर लाल फुली. वनड्राइव्ह म्हणजे मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवरची साठवण. तिच्या मोफत खात्यात ५ जीबी जागा मिळते. ती भरली की नवीन फायली वर जाणं थांबतं, आणि त्याची सूचना आपण येता-जाता बंद करत राहतो. काकांचा ढग आठ महिने तुंबलेला होता.

उलटा घोळही होतो. वनड्राइव्ह जागा वाचवायला काही फायली फक्त इंटरनेटवर ठेवतो आणि लॅपटॉपवर त्यांचं नुसतं नाव दाखवतो. फाइल एक्स्प्लोररच्या 'स्टेटस'च्या रकान्यात अशा फाइलीपुढे निळा ढग असतो. हिरवी बरोबरची खूण असेल तर फाइल खरोखर मशीनवर आहे. निळे ढग दिसले तर ते फोल्डर निवडून राइट-क्लिक करा, 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' म्हणा आणि सगळ्या खुणा हिरव्या होईपर्यंत थांबा. मगच कॉपी. नाहीतर कॉपी करताना प्रत्येक फाइल आधी उतरवून घ्यावी लागते, आणि वायफाय मध्येच गेलं की त्रुटींची रांग लागते.

तसंच, अलीकडच्या अनेक मशीनवर डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे तिन्ही फोल्डर वनड्राइव्हच्या पोटात हलवलेले असतात. तुम्ही नेहमीच्या जागी 'डॉक्युमेंट्स' शोधता, ते रिकामं दिसतं आणि पोटात गोळा येतो. वनड्राइव्हच्या फोल्डरात बघा, तिथे असेल.

अवघड जागा

फोटो, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स हे कुणालाही सापडतं, त्यावर शब्द घालवत नाही. खरा वेळ जातो तो पुढच्या गोष्टींत.

मराठी फॉन्ट सगळ्यांत आधी, कारण त्याबद्दल इंग्रजीतल्या मार्गदर्शकांत ओळही नसते. युनिकोड (कुठल्याही मशीनवर वाचता येणारी मराठी अक्षरं) रुळण्याआधीची आपली कागदपत्रं श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव अशा फॉन्टांत आहेत. अशा फाइलीत आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरंच. 'क' दिसतो तो फॉन्टने त्या अक्षराच्या जागी काढलेल्या चित्रामुळे. फॉन्ट गेला की चित्र गेलं, खालची अक्षरं उघडी पडतात. सोसायट्यांच्या जुन्या नोटिसा, शाळांचे दाखले, छापखान्यांचं सगळं काम, कितीतरी कुटुंबांच्या वंशावळी याच अवस्थेत आहेत.

म्हणून सी ड्राइव्हवरच्या विंडोजच्या फोल्डरातलं 'फॉन्ट्स' उघडा आणि मराठीचे सगळे फॉन्ट निवडून बॅकअपच्या फोल्डरात कॉपी करा. ओळखता आले नाहीत तर सगळेच उचला, जागा फार लागत नाही. विंडोज १० च्या २०१८ नंतरच्या आवृत्त्यांमध्ये एखाद्या युजरने फक्त स्वतःपुरता बसवलेला फॉन्ट तिथे नसून त्या युजरच्या अ‍ॅपडेटाच्या 'लोकल'मध्ये, मायक्रोसॉफ्टच्या फोल्डरातल्या विंडोजखालच्या 'फॉन्ट्स'मध्ये जातो. तिथेही डोकवा (अ‍ॅपडेटा हे लपलेलं फोल्डर असतं, ते कसं दिसेल ते पुढे सांगते). मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर डोंगलवर (यूएसबीला लावायच्या किल्लीवर) किंवा सीरियल नंबरवर चालत असेल तर सीडी, डोंगल, नंबर आजच एका पिशवीत घाला.

आणखी एक करा, मी तर यावरच सगळ्यात जास्त भिस्त ठेवते. जुनं मशीन चालू आहे तोवर महत्त्वाच्या जुन्या मराठी फायली एकेक उघडून पीडीएफ करून ठेवा. पीडीएफमध्ये सहसा फॉन्ट आतच बसतो, त्यामुळे ती कुठल्याही फोनवर वाचता येते. दुरुस्ती करता येणार नाही, पण वाचता तरी येईल. काकांच्या नोटिसांतल्या चाळीस आम्ही अशा केल्या, आणि त्या नादात २०११ सालचा पाणीपट्टीचा वाद पुन्हा एकदा वाचून झाला.

टॅलीचं तसं सोपं आहे. टॅलीप्राइममध्ये ऑल्ट आणि वाय दाबलं की 'बॅकअप' येतं. कंपनी निवडा, जागा म्हणून बाहेरची डिस्क द्या. डेटा नेमका कुठे पडलाय ते एफ वनच्या सेटिंग्जमधल्या 'डेटा कॉन्फिगरेशन'मध्ये दिसतं. त्या पत्त्यावर आकड्यांच्या नावाची फोल्डरं असतात, प्रत्येक कंपनीचं एक. टॅली बंद करून तीही जशीच्या तशी उचला, म्हणजे दोन वाटा झाल्या. लायसन्स असेल तर फॉरमॅटआधी 'सरेंडर' करा आणि नव्या विंडोजवर पुन्हा सुरू करा. हे राहिलं तर नंतर फोनाफोनी करत बसावं लागतं, आणि ती नेमकी ऑडिटच्या आठवड्यात येते.

ईमेल जीमेलवर ब्राउझरमधून बघत असाल तर पुढे चला. पण आउटलुक वापरत असाल, विशेषतः छोट्या कंपनीचा ईमेल पॉप पद्धतीने येत असेल, तर पत्रं तुमच्या मशीनवर उतरून सर्व्हरवरून पुसली गेलेली असू शकतात. 'अकाउंट सेटिंग्ज'मधल्या 'डेटा फाइल्स'मध्ये पत्रं साठवणाऱ्या पीएसटी फाइलीचा पत्ता मिळेल. आउटलुक बंद करा आणि ती फाइल कॉपी करा. तिथे ओएसटी नावाची फाइल असेल तर ती सर्व्हरची नुसती प्रतिमा आहे, नव्या मशीनवर ती उघडत नाही. त्यामुळे ओएसटी उचलली म्हणून निर्धास्त होऊ नका. थंडरबर्ड हा ईमेलचा प्रोग्राम वापरणाऱ्यांनी अ‍ॅपडेटाच्या 'रोमिंग'मधलं थंडरबर्डचं अख्खं फोल्डर घ्यावं.

पासवर्डांच्या बाबतीत बहुतेकांची फसगत होते. क्रोमचं फोल्डर अख्खं उचललं तर बुकमार्क परत येतात, पासवर्ड येत नाहीत, कारण त्यांचं कुलूप त्या विंडोजच्या त्या युजरला बांधलेलं असतं. एकतर गूगल खात्याने सिंक सुरू करा आणि फोनवर पासवर्ड दिसतात का ते बघा, नाहीतर पासवर्ड मॅनेजरमधून एक्स्पोर्ट करा. एक्स्पोर्टची फाइल साध्या मजकुराची असते, कुणीही उघडून वाचू शकतं. काम झालं की ती पुसा आणि रीसायकल बिनमधूनही काढा.

डिजिटल सही यूएसबी टोकनवर असेल तर ती टोकनमध्येच राहते, फॉरमॅटने तिचं काही बिघडत नाही. फक्त टोकनचा ड्रायव्हर पुन्हा टाकावा लागेल. घरातल्या इतरांची खाती विसरू नका: सी ड्राइव्हवरच्या 'युजर्स'मध्ये प्रत्येकाचं वेगळं फोल्डर असतं. तिथलं 'पब्लिक'ही बघा, काही सॉफ्टवेअर आपला माल तिथे टाकतात. मुलांच्या गेमचे 'सेव्ह' बहुधा डॉक्युमेंट्समध्ये किंवा अ‍ॅपडेटात असतात, त्यांनाच विचारा. हिशोबाच्या फायली गेल्या तर ऑडिटर ओरडेल, 'सेव्ह' गेले तर घर डोक्यावर घेतलं जाईल.

हे सगळं वेचून झालं तरी मी शेवटी प्रत्येक युजरचं अख्खं फोल्डर, अ‍ॅपडेटासकट, एक पोतं म्हणून उचलते. अ‍ॅपडेटा लपलेलं असतं. फाइल एक्स्प्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये 'हिडन आयटम्स'वर खूण केली की फिकट रंगात दिसू लागतं. त्यात नव्वद टक्के कचरा असतो, जागाही बरीच खातं. तरी उचला.

कुलपाची किल्ली

सेटिंग्जमध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' शोधा. महागड्या आवृत्तीत याला बिटलॉकर म्हणतात. ते चालू असेल तर डिस्कवरचा सगळा मजकूर कुलूपबंद आहे आणि त्याची रिकव्हरी की ४८ आकड्यांची असते. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग-इन केलेलं असेल तर ती बहुधा त्या खात्यात, तुमच्या डिव्हाइसच्या नावापुढे ठेवलेली असते. आत्ताच दुसऱ्या फोनवरून खातं उघडून ती दिसते का बघा, आणि कागदावर लिहून घ्या. आमच्या ओळखीत एकाने सी फॉरमॅट केला, डी शाबूत राहिला, आणि नव्या विंडोजने डी उघडायला ते ४८ आकडे मागितले. खातं कुठल्या ईमेलने काढलं होतं हेच त्याला आठवेना.

डिस्क कुठली

बाहेरची १ टीबीची हार्ड डिस्क किंवा एसएसडी घ्या. विंडोजमध्ये ती ९३१ जीबी दिसेल. दुकानदाराने फसवलेलं नाही, मोजण्याची पद्धत वेगळी आहे. फसवणूक असते ती रस्त्यावर चारशे-पाचशे रुपयांत मिळणाऱ्या '२ टीबी'च्या पेनड्राइव्हमध्ये. आतली चिप लहान असते आणि कंप्युटरला खोटा आकडा सांगते. खरी जागा संपली की नवीन फाइल जुनीवर लिहिली जाते किंवा हवेत जाते. कॉपी होताना काही कळत नाही, उघडायला गेल्यावर कळतं.

डिस्कच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये फाइल सिस्टम बघा. फॅट ३२ असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल ती घेत नाही, आणि लग्नाचे व्हिडिओ नेमके त्याहून मोठे असतात. रिकामी डिस्क असेल तर एक्सफॅट किंवा एनटीएफएस करून घ्या. आत काही असेल तर ते आधी बाहेर काढा. बॅकअपसाठी डिस्क फॉरमॅट करताना तिच्यावरचा जुना बॅकअप उडवणारी माणसं मी पाहिली आहेत.

कॉपी

चार्जर लावा. पॉवरच्या सेटिंगमध्ये स्क्रीन आणि स्लीप दोन्ही 'नेव्हर' करा. सगळे प्रोग्राम बंद करा, व्हॉट्सअ‍ॅपसुद्धा. डिस्क शक्यतो आतून निळ्या पोर्टात लावा, तो बहुधा यूएसबी ३ चा असतो. काकांचा ऐवज १२० जीबी होता. यूएसबी ३ ने सेकंदाला साधारण १०० एमबी धरले तर वीस मिनिटं, जुन्या यूएसबी २ मधून ३०-३५ एमबीच्या वेगाने तासभर. प्रत्यक्षात हजारो बारक्या फायली असल्या की दोन्ही आकडे दुपटीने वाढतात. पावसाळी दिवस असेल आणि बॅटरी मेलेला लॅपटॉप असेल तर वीज गेल्यावर काय, हा विचार आधी करा.

डिस्कवर तारखेचं एक फोल्डर करा, नाव अगदी छोटं ठेवा. कारण पुढे सांगते. त्यात कॉपी करा. 'कट' नाही. कधीच नाही. मध्ये वायर हलली तर कटने अर्धं इकडे, अर्धं तिकडे होऊन बसतं.

"फाइल वापरात आहे" किंवा "परवानगी नाही" असा निरोप आला की घाईत 'स्किप ऑल' दाबू नका. एकेक बघा आणि नाव त्या कागदावर टिपा. कमांडची भीती नसेल तर विंडोजमध्येच असलेला रोबोकॉपी वापरा. अर्ध्यात थांबला तरी पुन्हा चालवल्यावर राहिलेलंच उचलतो आणि शेवटी किती फायली गेल्या, किती फसल्या याचा तक्ता देतो. त्यातला 'मिरर'चा पर्याय मात्र टाळा, तो दुसऱ्या बाजूच्या जास्तीच्या फायली पुसून टाकतो.

तपासणी, म्हणजे खरं काम

मूळ फोल्डर आणि कॉपी, दोन्हींच्या 'प्रॉपर्टीज' शेजारी शेजारी उघडा. 'साइज' आणि फायलींची संख्या ताडून बघा. 'साइज ऑन डिस्क'कडे लक्ष देऊ नका, दोन डिस्कांची मांडणी वेगळी असल्याने तो आकडा जुळत नाही.

काकांच्या डेस्कटॉपवर ४१,३१८ फायली होत्या, कॉपीत ४१,२९६. बावीस कमी. काका म्हणाले, "जाऊ दे गं, चाळीस हजारांत बावीस." शोधलं तर त्या बावीस म्हणजे शेअर सर्टिफिकेटांचे स्कॅन. 'सोसायटी नवीन'मध्ये 'सोसायटी नवीन फायनल', त्यात 'सोसायटी नवीन फायनल २०२२ दुरुस्त', आणि शेवटी सभासदाचं पूर्ण नाव, फ्लॅट नंबर, विंग अशी लांबलचक फाइल. विंडोजला एका फाइलीचा पूर्ण पत्ता साधारण २६० अक्षरांत बसायला लागतो, त्यापुढे कॉपी अडते. वरच्या दोन फोल्डरांची नावं 'सो१', 'सो२' केली आणि बावीसही गेल्या. काकांनी त्यानंतर "जाऊ दे" हा शब्द काढला नाही.

संख्या जुळली तरी फायली उघडतात का हे कळायला डिस्क दुसऱ्या कंप्युटरला लावायला हवी. 'सेफली रिमूव्ह' करून काढा आणि शेजारच्या, भावाच्या, कुणाच्याही मशीनवर न्या. तिथे सगळ्यात जुना फोटो उघडा, सगळ्यात मोठा व्हिडिओ मधूनच चालवा, कालचं एक्सेल उघडून शेवटची नोंद बघा, एक जुनी मराठी फाइल तिथे फॉन्ट बसवून वाचा. टॅली असेल तिथे बॅकअप 'रिस्टोअर' करून ताळेबंद बघा. यादीतल्या चौदा ओळींपैकी प्रत्येकीची एक तरी फाइल उघडली की त्या ओळीवर काट मारा.

दुसरी प्रत कुठे? फोटो-व्हिडिओ राहू देत, पण हिशोब, कागदपत्रं, फॉन्ट हे सगळं मिळून सहसा काही जीबीच भरतं. गूगल खात्यात १५ जीबी मोफत मिळतात, जीमेल आणि फोटोंसकट, तिथे टाका. किंवा पेनड्राइव्हवर घालून ऐरोलीच्या बहिणीकडे ठेवा. २६ जुलै २००५ तळमजल्यावर काढलेल्यांना दुसरी प्रत दुसऱ्या घरात का ठेवायची हे समजावून सांगावं लागत नाही.

विंडोज सुरूच होत नसेल तर

दुसऱ्या मशीनवर उबंटूचा (विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत सिस्टमचा) पेनड्राइव्ह बनवा, लॅपटॉप त्यावरून सुरू करा आणि 'इन्स्टॉल' नव्हे, 'ट्राय'चा पर्याय निवडा. तुमच्या फायली तिथे दिसतील, बाहेरच्या डिस्कवर ओढून घ्या. एन्क्रिप्शन असेल तर इथेच ती ४८ आकड्यांची की लागेल. दुसरी वाट म्हणजे आतली डिस्क काढून यूएसबीच्या डबीत घालायची आणि चालू मशीनला लावायची. डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल तर मात्र लगेच बंद करा आणि डेटा काढून देणाऱ्या जाणकाराकडे न्या. प्रत्येक वेळी चालू करून बघण्यात उरलंसुरलंही जातं.

फॉरमॅटच्या दिवशी

बॅकअपची डिस्क लॅपटॉपपासून काढून दुसऱ्या खोलीत ठेवा. विंडोज टाकताना मशीनला जोडलेल्या सगळ्या डिस्कांची यादी समोर येते, आणि तिथे 'डिस्क ०' आणि 'डिस्क १' यांत गफलत व्हायला एक क्लिक पुरतो. विंडोजसाठी जो ८ जीबीचा पेनड्राइव्ह बनवाल तोही बनवताना पूर्ण पुसला जातो, म्हणून भाच्याच्या मुंजीचे फोटो असलेला पेनड्राइव्ह त्यासाठी घेऊ नका.

"डी ला काही होत नाही" हे वाक्य दुकानात ऐकलंत तर विश्वास ठेवू नका. जुन्या पद्धतीची डिस्क विंडोज ११ ला लागणाऱ्या जीपीटी नावाच्या नव्या मांडणीत बदलताना बरेच जण सरळ सगळी पार्टिशन उडवतात, सीबरोबर डी पण जातो. न पुसता बदलणारं एमबीआर-टू-जीपीटी नावाचं साधन विंडोजमध्येच आहे, पण घाईत ते कोण वापरतो? एसएसडी असेल तर पुसलेलं परत मिळण्याची आशाही सोडा. पुसलेली जागा ती स्वतःच आतून रिकामी करत असते. मशीन दुकानात द्यायचंच असेल तर पावतीवर 'डेटा ग्राहकाने काढला आहे' असं लिहून घेण्यापेक्षा तो खरंच काढलेला असू दे.

परत घालताना

नवीन विंडोज, त्याचे अपडेट, मग तुमची सॉफ्टवेअर, आणि शेवटी फायली. फॉन्ट सगळे निवडून राइट-क्लिक करून 'इन्स्टॉल' करा. पीएसटी फाइल आधी लॅपटॉपवर आणा आणि तिथूनच उघडा. बाहेरच्या डिस्कवरून आउटलुक चालवू नका. अ‍ॅपडेटाचं पोतं जसंच्या तसं नव्या जागी ओतू नका, जुने रोगही परत येतील. लागेल तसं एकेक काढून घ्या. जुन्या फोल्डरने "परवानगी नाही" म्हटलं तर 'कंटिन्यू' दाबा, थोडा वेळ लागेल, उघडेल. आणि डिस्कवरून काहीही पुसू नका, निदान दोन महिने.

काकांचा लॅपटॉप आता बरा पळतो. तिसऱ्या आठवड्यात काकू आल्या. "अगं, माझ्या त्या पिवळ्या चिठ्ठ्या कुठे गेल्या? स्क्रीनवर असायच्या त्या. भिशीची पाळी कुणाची, ते त्यावरच होतं." चौदा ओळींत त्या नव्हत्या. काकांना माहीतच नव्हतं, आणि मी काकूंना विचारलं नव्हतं. कपाटातून डिस्क काढली, अ‍ॅपडेटाच्या 'लोकल'मधलं 'पॅकेजेस' उघडलं, त्यात स्टिकी नोट्सचं फोल्डर, त्यात 'लोकलस्टेट', त्यात 'प्लम' नावाची एक फाइल. नव्या मशीनवर स्टिकी नोट्स बंद करून ती तिच्या जागी ठेवली. चिठ्ठ्या आल्या, एकूण नऊ. पाळी दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींची होती, आणि काकू ती चुकून तिसऱ्या मजल्यावर देऊन आल्या होत्या.